न दुखणाऱ्या पायांचा डॉक्टर

मधुमेह जुना झाला, तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या, गादीवरून चालल्यासारखं वाटू लागलं, की डॉक्टर गोळ्यांच्या यादीखाली आणखी एक ओळ लिहितात : एम.सी.आर. चप्पल. ती सहज मिळते, पण दिसायला इतकी साधी असते की बरेच जण चार दिवस घालून कोपऱ्यात टाकतात. ती एकदा हातात घेऊन नीट बघावी. वरचा थर अंगठ्याने दाबला की आत जातो, सोडला की लगेच वर येतो. त्या रबरात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे हवेचे असंख्य बंद कप्पे असतात; मायक्रोसेल्युलर रबर हे नाव त्यावरूनच पडलं. खालचा तळ मात्र कडक, काटा किंवा काच वर येऊ न देणारा. टाचेमागे पट्टा असतो, त्यामुळे चप्पल निसटू नये म्हणून बोटं आवळून धरावी लागत नाहीत. आणि तिच्यात खिळा एकही नसतो. सगळं चिकटवलेलं, नाहीतर शिवलेलं.

खिळा का नाही, याचं उत्तर तमिळनाडूत वेल्लूरच्या परिसरात सापडलं, सुमारे सत्तर वर्षांपूर्वी. ते मधुमेहाच्या पेशंटांमुळे सापडलं नाही. ज्यांना त्या काळी साध्या दवाखान्याच्या पायरीवरही उभं करत नसत, त्या कुष्ठरोग्यांमुळे सापडलं. आणि ते शोधणाऱ्यांमध्ये आघाडीवर होते पॉल ब्रँड नावाचे एक इंग्रज मिशनरी सर्जन.

मिशनरी डॉक्टर हे चित्र महाराष्ट्राला परकं नाही. कॅनडात जन्मलेले विल्यम वानलेस मिरजेला आले, 1894 मध्ये त्यांनी तिथे रुग्णालय उभं केलं, आणि सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत त्यांचं नाव आजही रोज घेतलं जातं. मिशनांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो त्यांनी लपवला नाही, आणि त्यावर वाद झाले ते योग्यच झाले. मला मात्र इथे वेगळी गोष्ट सांगायची आहे. परमुलखात, अपुऱ्या साधनांत, त्याच त्या माणसांबरोबर वर्षानुवर्षं राहिल्यामुळे एका डॉक्टरला असं काय दिसलं, जे लंडनच्या मोठ्या इस्पितळांत कोणाला दिसलं नव्हतं?

ब्रँड यांचा जन्म 1914 मध्ये कोल्ली मलईत झाला. तमिळनाडूतला हा डोंगराळ, तेव्हा तापाने पछाडलेला भाग. वडील जेसी आणि आई एव्हलिन दोघंही मिशनचं काम करत. वडिलांचं वैद्यकीय शिक्षण म्हणजे एका वर्षाचा अभ्यासक्रम, पण तेवढ्यावर ते दात उपटत, गळवं फोडत, नारूचा जंत काडीवर गुंडाळून हळूहळू बाहेर काढत. लहानग्या पॉलच्या मनात एक दिवस कायमचा राहिला. तीन माणसं डोंगर चढून दाराशी आली. हातापायांना चिंध्या, बोटांच्या जागी थोटकं. एरवी कोणत्याही पेशंटला सहज हात लावणाऱ्या वडिलांनी त्या दिवशी हातमोजे चढवले. आईने मुलांना दूर पिटाळलं, आणि ती माणसं गेल्यावर त्यांना दिलेली टोपली जाळून टाकण्यात आली. आईवडील दयाळू होते. त्यांनी मलमपट्टी केली, खायला दिलं. पण त्याहून जास्त काही करता येतं, हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

नऊ वर्षांचा असताना पॉलला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. 1929 मध्ये वडील मलेरियाच्या एका भयंकर प्रकाराने गेले. तार लगेच पोचली, पण पत्रं बोटीने यायची. त्यामुळे वडील गेल्यानंतर कित्येक आठवडे त्यांनी जिवंतपणी लिहिलेली पत्रं मुलाच्या हाती पडत राहिली. वडिलांसारखं काम करायचं म्हणून त्याने आधी बांधकाम शिकून घेतलं. सुतारकाम, गवंडीकाम, दगड घडवणं यांत काही वर्षं घातली आणि मग वैद्यकाकडे वळला. ती वर्षं वाया गेली असं त्यांना एके काळी वाटायचं. पुढे पेशंटांसाठी चपला, अवजारांच्या मुठी आणि झोपड्या बनवायची वेळ आली तेव्हा कामाला आलं ते हेच सुतारकाम.

1946 च्या अखेरीस ब्रँड वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. आयडा स्कडर यांनी 1900 मध्ये एका खाटेवर सुरू केलेला हा दवाखाना तोवर मोठं रुग्णालय झाला होता. थोड्या काळासाठी म्हणून आलेले ब्रँड 1966 पर्यंत राहिले. त्यांना बोलावून घेणारे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन हे कुष्ठरोगाचे जाणकार. एकदा ते ब्रँडना चिंगलपुटच्या, म्हणजे आजच्या चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात घेऊन गेले. कॉक्रेन त्वचेवरचे चट्टे दाखवत होते, आणि ब्रँड यांची नजर हातांवर खिळली होती. आखडलेले, आत वळलेले, बोटं आखूड झालेले हात. हे असं का होतं, असं त्यांनी विचारलं. कॉक्रेन म्हणाले, मी त्वचेचा माणूस; हाडांचे डॉक्टर तुम्ही, तुम्हीच सांगा. हाडांच्या कोणत्याही डॉक्टरने तोवर या हातांचा पद्धतशीर अभ्यास केलेला नव्हता. रोगी लाखांनी होते, पण ते ज्या इस्पितळांत हाडांचे डॉक्टर असत तिथे पोचतच नव्हते.

तिथेच ब्रँडनी एका तरुण पेशंटच्या वळलेल्या हातात आपला हात दिला आणि सांगितलं, दाब जोरात. लुळ्या हाताकडून काही जोर लागेल अशी अपेक्षा नव्हती. त्याने दाबला, आणि ब्रँड कळवळले. पकड पोलादी होती.

ब्रँड यांच्यासाठी सगळं शास्त्र त्या पकडीतून सुरू झालं. हात मेलेला नव्हता. बोटं आत ओढणारे स्नायू कोपराखालच्या मांसल भागात असतात. ते शाबूत होते. निकामी झाले होते ते पंजातले बारीक स्नायू, जे बोटं मुळाशी वाकवतात आणि पेरांपाशी सरळ ठेवतात. एका बाजूचा दोर तुटला आणि दुसऱ्या बाजूचा ओढतच राहिला, तर झोपाळा जसा तिरपा होईल तसा तो पंजा झाला होता. आणि त्या तरुणाला, आपण समोरच्याचा हात चुरडतो आहोत, हे कळतच नव्हतं.

एकाच हातात काही स्नायू मरतात आणि काही धडधाकट राहतात, हे कसं? पुढे चिंगलपुटला एका मृत रोग्याचं शवविच्छेदन करायची संधी मिळाली. ब्रँड रातोरात तिथे गेले आणि तासन्‌तास एकेक मज्जातंतू मोकळा करत बसले. सुजलेल्या जागा ठरावीक होत्या : कोपराच्या वर, मनगटाच्या वर, गुडघ्याजवळ, घोट्याशी. आपलं कोपर दारावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तो मज्जातंतू तिथे कातडीच्या अगदी खाली असतो. सुजलेल्या बाकीच्या जागाही तशाच, वरवरच्या. कारण नंतर नीट कळलं. कुष्ठरोगाच्या जंतूला गारवा मानवतो. शरीराच्या आतल्या उबेत तो फारसा वाढत नाही. कातडी, नाक, कानाच्या पाळ्या आणि मज्जातंतूंचे हे उथळ टप्पे ही त्याची राहण्याची ठिकाणं. तिथे सूज येते, मज्जातंतूभोवतीचं आवरण फारसं ताणलं जात नाही, आत दाब वाढतो, रक्तपुरवठा अडतो आणि तंतू मरतो. त्या टप्प्याच्या पलीकडचे स्नायू आणि पलीकडची संवेदना जाते. अलीकडचं सगळं वाचतं.

म्हणजे कुठला स्नायू जाणार आणि कुठला राहणार, हे आधीच सांगता येत होतं. आणि जो राहणार, तो उसना घेता येत होता.

आपल्या चारही बोटांना वाकवणाऱ्या दोन-दोन कंडरा असतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी, चिवट दोरी. दोनांपैकी एक गेली तरी मूठ वळते. ब्रँड ती एक कंडरा तिच्या टोकापाशी सोडवून घेत, तिचे धागे करत आणि ते बोटांच्या कडेने फिरवून मागच्या बाजूला शिवत. आता तोच स्नायू आखडला की बोट मुळाशी वाकतं आणि पेरांत सरळ होतं. हे तंत्र अमेरिकी सर्जनांनी इतर प्रकारच्या लकव्यासाठी वापरलेलं होतं. कुष्ठरोग्याच्या हातावर ते करून बघावं असं कोणाला वाटलं नव्हतं, कारण या रोग्यांचं मांसच नासकं, त्याची जखम भरत नाही, अशी पक्की समजूत होती. वेल्लूरला 1948 च्या सुमारास या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. जखमा इतर कोणाच्याही भरतात तशाच भरल्या.

शस्त्रक्रिया मात्र काम निम्मंच करते. इतकी वर्षं बोट वाकवणारी दोरी आता बोट सरळ करणार असते आणि मेंदूला त्याची खबर नसते. प्लॅस्टर काढल्यावर आठवडेच्या आठवडे पेशंट आपल्या हाताकडे टक लावून बसायचा, एक बोट हलवायला शिकायचा, मग दुसरं. अंगठा आणि तर्जनी पहिल्यांदा एकमेकांना भेटून भाताचा घास उचलला गेला, की वॉर्डभर बातमी पसरायची.

इथवरची गोष्ट कोणत्याही मोठ्या शहरातल्या हुशार सर्जनलाही करता आली असती. पुढची आली नसती. बरे होऊन गेलेले काही पेशंट परत आले, आणि एकाने सांगितलं की तुम्ही दिलेले हे हात भीक मागायच्या कामाचे नाहीत. वेडावाकडा पंजा पुढे केला की लोक नाणं टाकत. आता टाकत नाहीत. आणि अंगावर रोगाचे डाग होते तसेच असल्यामुळे काम कोणी देत नाही, खोली कोणी देत नाही. ब्रँडना हे फार लागलं. हात नीट करून माणसाला आपण अधिक उपाशी केलं, असा त्याचा अर्थ होता.

1951 मध्ये कॉलेजच्या आवारातच मातीच्या झोपड्यांची एक वस्ती उभी राहिली. मूळ पैसा एका वृद्ध मिशनरी बाईंचा होता. वस्तीचं नाव नवजीव निलयम. शस्त्रक्रिया झालेले तरुण तिथे राहायचे आणि सुतारकाम शिकून लाकडी खेळणी, वस्तू बनवायचे. शिकवायला खुद्द सर्जन. साधारण त्याच काळात बाबा आमट्यांचं आनंदवन वरोऱ्याला आकाराला येत होतं. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट उमगली होती, की या रोगात औषधाइतकीच गरज हाताला कामाची आहे. कामाशिवाय बरं होणं अर्धवट राहतं.

याच वस्तीत खरा उलगडा झाला. ‘रगतपितीत बोटं झडतात’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. मलाही कितीतरी वर्षं ते वैद्यकीय सत्य वाटत होतं. पण ब्रँड यांच्यासमोर आता रोजच्या रोज तेच तरुण होते, आणि एकही बोट कधी आपोआप गळून पडलेलं दिसेना. एके दिवशी गंजलेल्या कुलपात त्यांना स्वतःला फिरवता येईना अशी किल्ली दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने सहज फिरवून दिली. त्याच्या ताकदीचं कौतुक करायला जावं, तर जमिनीवर रक्ताचा थेंब. बोट पाहिलं तर किल्लीच्या कडेने कातडी, चरबी सगळं कापून हाड दिसत होतं. पोराला पत्ता नव्हता. ताकद आपल्या सगळ्यांच्या हातांत त्याच्याएवढीच असते. आपण ती लावत नाही, कारण आधी दुखतं.

मग त्यांनी नियम केला. कोणालाही नवी जखम दिसली की ती कशी झाली हे शोधून काढल्याशिवाय सोडायचं नाही. डॉक्टर आणि पेशंट मिळून पोलिसासारखा तपास करू लागले. हातोडीच्या मुठीवरचा कुसळाएवढा तुकडा. भांडं चुलीवरून उघड्या हाताने उचललेलं. कंदिलाची तापलेली काच. चपलेतून वर आलेला खिळा, ज्यावर माणूस दिवसभर चालला होता. एकेका जखमेला कारण सापडत गेलं. एक गोष्ट मात्र काही केल्या उलगडेना : काहींच्या बोटाचा तुकडा रात्रीत नाहीसा व्हायचा. संध्याकाळी बोट असायचं, सकाळी नसायचं. शेवटी एकाने रात्रभर जागून पहारा दिला. उंदीर येत होते. झोपलेल्या माणसाची बधिर बोटं ते कुरतडत, आणि त्याला जाग येत नसे. दुसऱ्या दिवसापासून खाटा उंचावर गेल्या आणि मांजरं आणली गेली. पुढे घरी जाणाऱ्या पेशंटालाही सोबत मांजर दिलं जाई. कुष्ठरोगाच्या उपचारांच्या इतिहासात मांजराला ही जागा आहे, आणि ती त्याने कमावलेली आहे.

रोग बोटं खात नाही. रोग फक्त वेदना काढून घेतो. उरलेलं काम रोजचं जगणं करतं. ज्याला शोध म्हणतात तो हा, आणि तो लावायला सूक्ष्मदर्शक लागला नाही. लागली ती एकाच वस्तीतली रोजची सोबत. वेल्लूरच्या ज्या इस्पितळात आठवड्याला नवे पेशंट येऊन जातात, तिथे हे दिसणं कठीण होतं. झोपडीत राहणाऱ्या, रोज ओळखीचं हसणाऱ्या मुलाच्या हातावर कालची नसलेली जखम आज दिसते, तेव्हाच प्रश्न पडतो.

हातांपेक्षा पायांनी जास्त छळलं. तळव्याच्या जखमा महिनोन्‌महिने वाहत. त्यावर ब्रँड आणि सहकाऱ्यांनी प्लॅस्टर घातलं, मोडलेल्या हाडाला घालतात तसं, तळव्याला घट्ट लागून. काही आठवड्यांनी काढलं तर दुर्गंधी सहन होत नसे, पण धुऊन पाहिलं की खाली जखम भरत आलेली. औषध काही नाही. फक्त भार सगळ्या तळव्यावर वाटला गेला होता आणि त्याच जागी आपटणं थांबलं होतं. मग प्रश्न उरला, प्लॅस्टर काढल्यावर काय?

आपण लांब चालून आलो, म्हणजे आळंदीहून पुण्यापर्यंत चाललो असं धरा, की नकळत चाल बदलते. टाच हुळहुळली की भार पुढे जातो, पंजा दुखला की कडेवर. पाय एकच जागा सतत झिजू देत नाही. बधिर पाय हे करत नाही. तो हजारो पावलं अगदी तशीच, त्याच हाडाच्या खाली, त्याच ठशावर टाकतो. जखम व्हायला काचच रुतायला हवी असं नाही; साधा दाब हजारदा त्याच ठिकाणी पडला तरी आतलं मांस सुजतं, मऊ पडतं आणि फुटतं. आधी तिथे कातडी गरम लागते. ते गरम लागणं हीच पहिली सूचना.

चप्पल इथून आली. लाकडी तळ, मेण, साचे, वेगवेगळ्या तऱ्हेचं रबर असे बरेच प्रयोग झाले. ब्रँड यांना हवं होतं ते असं काही, जे दाबलं की दबेल पण महिनाभरात चपटं होणार नाही, जे गावातल्या चांभाराला कापता-शिवता येईल, आणि जे पायात घातल्यावर ‘हा महारोगी’ असं ओरडून सांगणार नाही. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कितीही गुणाची असली तरी ज्या चपलेने माणूस ओळखला जाईल ती तो घालणार नाही. हवेच्या बंद कप्प्यांचं रबर या अटींना उतरलं. वेल्लूरजवळ करिगिरीला खडकाळ, उजाड माळावर 1955 मध्ये कुष्ठरोग संशोधनाचं स्वतंत्र रुग्णालय सुरू झालं, आणि हातापायांच्या या सगळ्या कामाला तिथे घर मिळालं. भारतातच जन्मलेले डॉ. अर्नेस्ट फ्रित्शी यांनी तिथे शस्त्रक्रिया तर केल्याच, पण त्या माळावर झाडं लावत राहिले. आज करिगिरीला दाट सावली आहे.

हे एकट्या ब्रँड यांचं काम नव्हतं, हे सांगायलाच हवं. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांच्याकडे डोळ्यांचा विभाग आला तेव्हा त्यांनी कळवलं की मला डोळ्यांतलं काही येत नाही. उत्तर आलं, शिकाल. अशा रुग्णालयात नेमणूक बहुधा याच रीतीने होते. त्या शिकल्या. कुष्ठरोगात पापणी मिटणारा स्नायू लुळा पडतो, आणि बुबुळ बधिर झाल्यामुळे पापणी मिटायची आठवणही होत नाही. डोळा उघडा राहून सुकतो आणि आंधळा होतो. त्यावर चावण्याच्या स्नायूचा एक पट्टा पापणीशी जोडायची शस्त्रक्रिया होती. दात आवळले की डोळा मिटतो. चावून डोळे मिटायला शिकलेल्या कितीतरी माणसांची दृष्टी त्यांनी वाचवली. आणि डॉ. मेरी वर्गीस. 1954 मध्ये गाडीच्या अपघातात या तरुण डॉक्टरचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. हाताची शस्त्रक्रिया बसूनही करता येते, असं म्हणून ब्रँड यांनी त्यांना या कामाकडे वळवलं. चाकांच्या खुर्चीतून त्यांनी कुष्ठरोग्यांचे हात दुरुस्त केले आणि पुढे वेल्लूरला पुनर्वसनाचा विभाग उभा केला. महाराष्ट्रात हेच काम डॉ. नोशीर अँटिया यांनी पुण्यात कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात केलं. ज्या चेहऱ्यांकडे लोक बघत नसत, त्या चेहऱ्यांना त्यांनी नाक दिलं.

एक रात्र ब्रँड यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. परदेशच्या दौऱ्यावर असताना लांबचा आगगाडीचा प्रवास करून ते लंडनच्या एका हॉटेलात उतरले. मोजे काढताना लक्षात आलं की एका टाचेला काहीच जाणवत नाही. टाचणी घेतली, टोचली. रक्त आलं, दुखलं नाही. इतकी वर्षं रोज ज्या रोग्यांना हात लावला, तो रोग आज अंगात शिरला, अशी त्यांची खात्री झाली. रात्रभर कपड्यांसकट बिछान्यावर पडून ते आयुष्याची मांडणी करत राहिले : बायकोमुलांपासून दूर राहावं लागेल, हातातली सुरी सोडावी लागेल. पहाट झाल्यावर धीर करून पुन्हा टाचणी टोचली आणि ते ओरडले. दुखलं होतं. गाडीत अवघडून बसल्याने मज्जातंतू दबला होता, एवढंच. त्या टोचणीच्या कळेसाठी देवाचे आभार मानले, असं ते पुढे आयुष्यभर सांगत. पेशंटांना रोज जे वाटतं ते त्यांना एका रात्रीपुरतं वाटलं, आणि मला वाटतं, वेदनेवर त्यांनी पुढे जे काही लिहिलं त्याच्या मुळाशी ती रात्र आहे.

1966 मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे पैसा होता, यंत्रं होती. गेलेली वेदना यंत्राने परत देता येईल का, असा प्रयोग त्यांनी हाती घेतला. हातमोज्यात दाब मोजणारे छोटे भाग बसवले; जास्त दाब पडला की कानात आवाज व्हायचा. पेशंट आवाज ऐकत आणि काम तसंच चालू ठेवत. मग आवाजाऐवजी, जिथे संवेदना शाबूत होती तिथे काखेत विजेचा चटका देऊन पाहिला. पेशंट काय करत? अवघड काम आलं की यंत्राचं बटण बंद करत, काम उरकत आणि पुन्हा चालू करत. आपल्याला वेदनेचं बटण बंद करता येत नाही, म्हणूनच ती आपल्याला वाचवते. वर्षानुवर्षांची मेहनत आणि मोठा खर्च झाल्यावर तो प्रयोग सोडून द्यावा लागला.

कारव्हिलमध्ये असतानाच ब्रँड यांच्या ध्यानात आलं की मधुमेह्यांचे पाय हुबेहूब त्यांच्या वेल्लूरच्या पेशंटांच्या पायांसारखे झिजताहेत. तोवर साखरेमुळे मांसच बिघडतं, जखम भरतच नाही, असं मानून पाय कापण्याकडे कल असे. मधुमेहात रक्तवाहिन्याही खराब होतात, ही वेगळी अडचण आहेच. पण बऱ्याच पायांचं खरं दुखणं एकच होतं : दुखत नव्हतं. तेच प्लॅस्टर, तीच मऊ चप्पल, तीच रोज तळवा तपासायची शिस्त तिथेही लागू पडली. तळव्याला घट्ट बसणारं प्लॅस्टर आज जगभर मधुमेही पायाच्या जखमेवरचा एक उत्तम उपाय मानतात. ब्रँड 2003 मध्ये वारले.

कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 पासून सुचवलेले बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात, आणि लवकर सुरू केले तर हातपाय वाकायची वेळच येत नाही. तरीही दरवर्षी जगात सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी अर्ध्याहून अधिक भारतातले असतात. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, तर लाजू नये, त्याच आठवड्यात दाखवून यावं.

आणि मधुमेह तर आता घरोघरी आहे. दुपारच्या वेळी देवळाच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालून आलेल्या आजींच्या तळव्याला फोड येतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशी मोज्यावरचा डाग बघून कळतं. गरम पाण्याची पिशवी, मोटारसायकलची तापलेली सायलेन्सर नळी, बुटात पडलेलं नातवाचं खेळणं, सगळं वेल्लूरच्या त्या तपासातल्या यादीसारखंच. घरात मधुमेहाचं कोणी असेल तर बादलीतलं पाणी आधी दुसऱ्या कोणी हाताने बघावं. चप्पल-बूट घालण्याआधी उलटे करून झटकावेत आणि आत बोटं फिरवावीत. आणि आज रात्री जेवण झालं की त्यांचा पाय मांडीवर घ्या, दिव्याखाली तळवा बघा, बोटांच्या बेचक्या बघा, आणि दोन्ही तळव्यांवर हाताचा मागचा भाग टेकवून एखादी जागा बाकीच्यांपेक्षा गरम लागते का ते पाहा. लागली, तर उद्या चालणं बंद ठेवून डॉक्टरांकडे जा.